आठवणीतली आई, पडद्यावरची आई

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गुरुजी ज्या अमळनेरला शिक्षक होते, ते आमच्या बुऱ्हाणपूरप्रमाणेच जुन्या खानदेशातले. म्हणून या पुस्तकाविषयी आम्हांस विशेष आपलेपणा वाटतो.

या पुस्तकाची घडण सांगण्याची आहे. मोठा झालेला श्याम बेचाळीस रात्री मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. ओले तळवे मळू नयेत म्हणून आई दगडावर ओचे पसरते, हा प्रसंग तेथे निव्वळ घटना नसतो; आई गमावलेल्या मुलाची ती कृतज्ञता असते.

आचार्य अत्रे यांनी १९५३ च्या चित्रपटात आईला मूळच्या ग्वाल्हेर संस्थानातील वनमालाबाईंचा चेहरा दिला. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटास मिळाले. आई साक्षात समोर आली, पण आठवणीतले अंतर मिटले. सुजय डहाके यांच्या २०२३ च्या कृष्णधवल चित्रपटात स्वातंत्र्यलढ्यातले गुरुजीच कथेत आले आणि ते अंतर काही प्रमाणात परतले.

आमच्याकडील अनेक मराठी घरांतली मुले हिंदीतून शिकतात. मराठी त्यांना कळते, वाचताना मात्र अडते. तेव्हा चित्रपटावरच त्यांची तहान भागते. परंतु जे पुस्तक मुळात ऐकण्यासाठीच रचलेले आहे, ते त्यांना ऐकवता येते. रोज एक रात्र, असे बेचाळीस दिवस. हे काम चित्रपटाचे नव्हे. ते आम्हा वडीलधाऱ्यांचे आहे.