‘मी गेले’विषयी

१. मूळ एस्पेरांतोत फक्त ‘मी इरिस’ आहे. (गंमत म्हणजे तिथेही ‘मी’ म्हणजे मीच.) झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सात प्रसिद्ध केलेल्या या भाषेत क्रियापदाला लिंग, वचन, पुरुष काहीच चिकटत नाही. ‘इर’ म्हणजे जाणे. त्याला ‘आस’ लावला की वर्तमानकाळ, ‘इस’ लावला की भूतकाळ, ‘ओस’ लावला की भविष्यकाळ. ‘इरुस’ म्हटलं की ‘गेलो असतो’. पाऊस पडतोय हे सांगायला तर कर्ताही लागत नाही, नुसतं ‘प्लुवास’ पुरतं. मराठीत मात्र ‘गेलो’ की ‘गेले’ हे ठरवल्याशिवाय गाडी हलत नाही. निवेदक बाई आहे हे मुळात चौथ्या प्रकरणात कळतं. आम्हाला ते इथेच फोडावं लागलं. – संपा.