मायक्रोकंट्रोलरला क्रिस्टल कोणता लावायचा? निवड आणि जोडणी सोप्या भाषेत

कोल्हापूर परिसरात मायक्रोकंट्रोलर बसतो तो उसाच्या पंपाच्या टायमरमध्ये, नाहीतर शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतल्या पॅनलमध्ये. या चिपला वेळ कळते ती क्लॉकच्या ठोक्यांवरून. ठोका १ टक्का चुकला तर टायमर दिवसाला १४ मिनिटं २४ सेकंदांनी सरकतो. रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याला आठवड्यात हा फरक दीड तासाहून जास्त पडतो.

पर्याय कोणते?

चिपमधला आरसी ऑसिलेटर : वेगळा खर्च नाही. पण एटीमेगा३२८पी मध्ये कारखान्यातून येताना अचूकता फक्त ±१० टक्के असते. एलईडी, बटण, रिले चालवायला पुरेसा.

सिरॅमिक रेझोनेटर : चूक साधारण अर्धा टक्का. सिरियल संवादाला चालतो, घड्याळाला नाही. आर्डुइनो उनोच्या मुख्य चिपला हाच असतो.

क्वार्ट्झ क्रिस्टल : २० पीपीएमचा क्रिस्टल दिवसाला जास्तीत जास्त पावणेदोन सेकंद चुकतो. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती.

तयार ऑसिलेटर मोड्यूल : पुरवठा दिला की थेट क्लॉक देतो. महाग, पण कपॅसिटरची भानगड नाही.

आकडे असे विचित्र का?

इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये ८०५१ ला ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. या आकड्याला भागत गेलं की ९६०० बॉड अचूक मिळतो. १२ मेगाहर्ट्झ लावला तर नेहमीच्या सेटिंगमध्ये सुमारे १०४१७ मिळतो. चूक साडेआठ टक्के, म्हणून स्क्रीनवर भलतीच अक्षरं उमटतात. घड्याळाचा ३२,७६८ हर्ट्झ म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर १ सेकंद.

जोडणी

क्रिस्टलचे दोन पाय एक्सटाल१ आणि एक्सटाल२ या पिनांना जोडा. उलटसुलट चालतात. दोन्ही पिनांपासून ग्राउंडला एकेक कपॅसिटर लावा. त्याची किंमत अशी काढा :

कपॅसिटर = २ × (क्रिस्टलचा लोड − बोर्डाची भटकी कपॅसिटन्स)

लोड १६ पिकोफॅरड आणि भटकी ५ धरली तर २ × ११ = २२ पिकोफॅरड. लोडचा आकडा क्रिस्टलच्या डेटाशीटमध्ये मिळतो. सगळीकडे डोळे झाकून २२ लावू नका.

तयार मोड्यूल असेल तर त्याचं आउटपुट एक्सटाल१ ला द्या, एक्सटाल२ मोकळी ठेवा.

हे सांभाळा

- क्रिस्टल चिपला चिकटून ठेवा. कॉन्टॅक्टर आणि रिलेच्या वायरी दूर ठेवा.
- सोल्डरिंगनंतर फ्लक्स पुसून काढा. पावसाळ्यातल्या दमटपणात त्यातून गळती होऊन ऑसिलेटर बंद पडू शकतो. शेतातल्या बोर्डावर कोटिंग हवंच.
- भट्टीजवळच्या पॅनलमध्ये घड्याळ मागे पडतं. ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल साधारण २५ अंशांना सर्वांत बरोबर चालतो. ५५ अंशांना दिवसाला सुमारे पावणेतीन सेकंद मागे जातो. तिथे तापमानाची भरपाई करणारी डीएस३२३१ सारखी घड्याळ-चिप घ्या.
- सीआरओचा प्रोब थेट क्रिस्टलच्या पायाला लावू नका. प्रोबच्या कपॅसिटन्सनेच ठोका थांबू शकतो.

चिप ‘मेली’ असं वाटलं तर?

एव्हीआर चिपच्या फ्यूज सेटिंगमध्ये बाहेरचा क्रिस्टल निवडला आणि तो लावलाच नसेल, तर प्रोग्रॅमरला चिप सापडत नाही. बरेच जण ती फेकून देतात. तसा क्रिस्टल लावून पाहा, किंवा दुसऱ्या बोर्डावरून एक्सटाल१ ला क्लॉक द्या. चिप पुन्हा प्रतिसाद देऊ लागली की फ्यूज दुरुस्त करा.

थोडक्यात : नुसतं चालू-बंद करायचं तर आतला ऑसिलेटर, सिरियल संवादाला रेझोनेटर किंवा क्रिस्टल, आणि वेळ पाळायची असेल तर वेगळी घड्याळ-चिप.