तळ्याच्या जागी नगर, नगराच्या मध्यात बाग

यंदाच्या स्मरणिकेसाठी 'आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिहा' असे कार्यवाहांनी सांगितले तेव्हा मी लगेच हो म्हटले आणि नंतर विचारात पडलो. मद्रासकडच्या मराठी माणसाचा इतिहास म्हटला की आपण सगळे एका दमात तंजावरला पोहोचतो. सरफोजी राजे, सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या देवळातला तो भला मोठा मराठी शिलालेख. हे सगळे अभिमानाचेच आहे, पण त्यावर आपल्यापैकी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. माझा इतिहास घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे. म्हणून या वेळी पनगल पार्कवर लिहितो.

१९८६ साली बदलीवर येथे आलो तेव्हा 'टी. नगर' हे नाव संत त्यागराजांवरून पडले असावे, असे मी खुशाल धरून चाललो होतो. आपल्यापैकी अनेकांचा तोच समज असेल. हे नगर सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाचे. जस्टिस पक्षाचे हे संस्थापक नेते १९२५ साली वारले. त्याच सुमारास ही वसाहत उभी राहत होती, आणि उभी राहत होती ती चक्क तळ्याच्या तळावर! नुंगमबाक्कमपासून सैदापेठच्या दिशेने पसरलेले 'लाँग टँक' नावाचे लांबलचक तळे येथे होते. साहेबलोक त्यात वल्ह्यांच्या नावांच्या शर्यती लावीत. १९२० नंतर शहराला घरांसाठी जागा कमी पडू लागली, तळे आटवण्यात आले आणि माम्बलमच्या बाजूला भूखंड पाडले गेले. पश्चिम माम्बलममध्ये 'लेक व्ह्यू रोड' आणि नुंगमबाक्कममध्ये 'टँक बंड रोड' ही नावे अजून आहेत. तळे मात्र नाही. २०१५ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२१ च्या नोव्हेंबरात आपल्या गल्ल्यांत पाणी भरले, तेव्हा तळ्याला आपली जुनी जागा आठवली असेच म्हणायचे.

ज्यांनी हा आराखडा काढला, त्यांनी घरे आखताना बागाही आखल्या. मध्ये पनगल पार्क आणि त्याच्याकडे चहूबाजूंनी येणारे उस्मान रोड, वेंकटनारायण रोड, जी. एन. चेट्टी रोड, त्यागराय रोड. थोड्या अंतरावर जस्टिस पक्षाचेच डॉ. सी. नटेश मुदलियार यांच्या नावाचा नटेशन पार्क. पनगलचे राजे रामरायनिंगार हे १९२१ ते १९२६ मद्रास इलाख्याचे मुख्यमंत्री. १९२१ साली त्यांच्या मंत्रिमंडळाने सरकारी नोकऱ्यांत सर्व समाजांना वाटा देणारा हुकूम काढला. आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०२ सालीच जे केले होते, त्याच वाटेवरचे हे पाऊल. तेव्हा बागेतल्या त्या पुतळ्याशी आपले अगदीच नाते नाही असे नाही.

बागांच्या बाबतीत तर आपली माणसे मागे नव्हतीच. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव बडोद्याचे दिवाण असताना १८७९ साली तेथे सयाजीबाग, म्हणजे कमाटीबाग, झाली. आणि इकडे तळे आटवून नगर वसत होते, त्याच काळात मुंबईत दादरला १९२५ साली माहीम पार्क नावाचे मैदान खुले झाले. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नाने १९२७ साली त्याचे 'शिवाजी पार्क' झाले. माझे बालपण त्याच्या कट्ट्यापासून फार लांब गेले नाही. त्यामुळे दोन समवयस्क बागांची तुलना मनात येते, ती टाळता येत नाही.

शिवाजी पार्कात मध्ये काहीच नाही. नुसती माती. हीच त्याची खरी श्रीमंती! कोणीही सहा काठ्या घेऊन जावे आणि डाव मांडावा. पनगल पार्क ही पहिल्यापासून बाग. झाडे, बाके, फिरायची वाट. माझी आई येथे राहायला आली तेव्हा तमिळचा एक शब्द तिला येत नव्हता. पण रोज संध्याकाळी याच बागेतल्या बाकावर ती तीन मामींच्या शेजारी बसे आणि घरी येऊन कोणाच्या सुनेने काय केले ते सविस्तर सांगे. कोणत्या भाषेत कळले ते देव जाणे. बाहेर रेशमाच्या साड्यांची दुकाने, नल्ली १९२८ पासूनचे, आत सावली. एवढ्या गर्दीच्या बाजारात ही सावली टिकली याचे मला आजही नवल वाटते.

आता कबुली देतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या घराजवळच्या एका छोट्या बागेत (तिचे नाव सांगत नाही) मुले टेनिसच्या चेंडूने खेळत. एकदा चेंडू माझ्या गुडघ्याला लागला. आम्ही सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी तक्रारीचा कागद तयार केला, सह्या गोळा केल्या. तिसरी सही माझी. महिन्याभरात 'चेंडू खेळण्यास मनाई' अशी पाटी लागली, चालायच्या वाटेवर छान फरशी आली. आम्ही खूश. गेल्या वर्षी पुण्याहून नातू आला. "आजोबा, खेळायला कुठे जाऊ?" म्हणाला. मी त्याला त्या बागेत नेले, तर रखवालदाराने शिट्टी फुंकून पाटी दाखवली. उरलेली सुट्टी तो इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये मोटारींच्या मधून चेंडू टाकत होता. त्या पाटीमागे माझी सही आहे हे त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

बाग एकदम जात नाही, तुकड्यातुकड्याने जाते. याचा मोठा दाखला सेंट्रल स्टेशनच्या शेजारी आहे. गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांच्या कारकिर्दीत, १८५९-६० च्या सुमारास, तेथे ११६ एकरांचा 'पीपल्स पार्क' आखला गेला. त्यात अकरा तळी होती, पुढे प्राणिसंग्रहालय झाले. मग व्हिक्टोरिया हॉल आला, मूर मार्केट आले, १९१३ साली महापालिकेची रिपन इमारत आली, स्टेडियम आले. प्रत्येक गोष्ट शहराच्या उपयोगाचीच! १९८५ साली मूर मार्केट जळाले आणि त्याच वर्षी प्राणिसंग्रहालय वंडलूरला गेले. आज त्या ११६ एकरांची बाग कोणी शोधू लागला तर 'माय लेडीज गार्डन'सारख्या तुकड्यावर समाधान मानावे लागते.

आपल्याकडे मेट्रो आली. दुसऱ्या टप्प्यातील दीपगृह ते पूनमल्ली या मार्गावरचे भुयारी स्थानक पनगल पार्कला आहे आणि त्या कामासाठी बागेचा भाग पत्र्याच्या कुंपणाआड गेला. मी मेट्रोच्या विरुद्ध नाही. माम्बलम स्टेशनाच्या जिन्यावर ज्याने दिवाळीची गर्दी सोसली आहे तो विरुद्ध असणारच नाही. प्रश्न एवढाच, की घेतलेली जागा परत देताना काय देणार? कारंजे, रंगीत दिवे आणि सेल्फीसाठी मोठी अक्षरे मिळतील, याबद्दल मला शंका नाही.

पण चांगल्या गोष्टीही याच शहरात झाल्या आहेत. अण्णा नगरच्या बागेतला १९६८ च्या प्रदर्शनावेळचा मनोरा बारा वर्षे बंद होता. दुरुस्त करून तो २०२३ साली लोकांना पुन्हा खुला झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये पाँडी बाजारचे पदपथ रुंद झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी पाहिले, मुले तेथे पकडापकडी खेळत होती! जागा दिसली की मूल पळतेच.

म्हणून आपल्या मंडळातर्फे महापालिकेला एक पत्र द्यावे, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. मागण्या साध्या आहेत. जेवढी जमीन घेतली तेवढी बाग म्हणूनच परत मिळावी. भुयारी बांधकामावर झाडे लावायची तर माती भरपूर खोल असावी. हातभर मातीत गवत येते, वडपिंपळ नव्हे. फरशी कमी घालावी, म्हणजे जुन्या तळ्याच्या जागेत पावसाचे पाणी थोडे तरी मुरेल. म्हाताऱ्यांना पाठ टेकायची बाके हवीत. आणि एका कोपऱ्यात घसरगुंडी, झोपाळ्यांबरोबर नुसती मोकळी माती असावी, चेंडू चालेल अशी, पाटी नसलेली.

पत्राचा मराठी मसुदा तयार आहे. तमिळमध्ये नीट उतरवून देणारे कोणी असल्यास हवे आहे. आपल्या मुलांपैकी जी येथेच शिकली त्यांना हे सहज जमेल. आरतीनंतर प्रसादाच्या टेबलापाशी सह्यांची वही ठेवणार आहोत. पहिली सही माझी असेल.