तेरड्याची गौर
१. भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौर घरी येते, ज्येष्ठावर पुजली जाते, मूळ नक्षत्रावर तिचे विसर्जन. कोकणात कित्येक घरी मुखवटा नसतोच. पाणवठ्यावरून मुळासकट आणलेली तेरड्याची जुडी हीच गौर. देठ रसरशीत, फुले गुलाबी-जांभळी. पिकल्या बोंडाला बोट लागले की ते तडकून बिया उडतात. तेरडा घरी येतो तीही ऋतूची वर्दीच; उझबेकिस्तानात बर्फ वितळताच उमलणारे ‘बोयचेचक’ फूल घेऊन मुले गात दारोदार जातात, तीही ऋतूची अशीच वर्दी. वसई तालुक्यातल्या वाड्यांची मोगरा-चाफ्याची फुले दादरच्या बाजारात जातात. तरी गौरीचा मान पावसात आपोआप उगवणाऱ्या तेरड्याला आहे, हे मला फार मोलाचे वाटते.