चेऊलची लाख आणि चिनी रोगण

रोह्यासमोर, कुंडलिकेच्या पलीकडे असलेलें अष्टमी हें गांव आज रोह्याचें जोडगांव म्हणूनच ठाऊक आहे. इ. स. १६७४ मध्यें रायगडास निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन मात्र चेऊलहून होडीनें हीच खाडी चढून अष्टमीस उतरला होता. खाडीच्या मुखाजवळील त्या चेऊल बंदराची कीर्ति त्यापूर्वींच दूरवर गेली होती, आणि तींत कापडाबरोबर लांकडी सामानाचाही वांटा होता.

सतराव्या शतकाच्या आरंभीं फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल यानें चेऊलच्या पेट्या, संदुका व कपाटें यांची वाखाणणी केली आहे. तीं चिनी धर्तीचीं आहेत असें तो म्हणतो, आणि तेथील रंगीत लाख चढविलेल्या पलंगांचाही उल्लेख करतो. यावरून चेऊलच्या कारागिरांनीं ही विद्या चीनकडून घेतली असा तर्क कोणी करील. आम्हांस तो ग्राह्य वाटत नाहीं.

कारण मूळ वस्तूच भिन्न आहे. चिनी रोगण म्हणजे एका झाडाचा चीक. खोडास चिरा पाडून तो गोळा करतात, गाळतात आणि लांकडावर पातळ थरांनीं देतात. कोरीव कामासाठीं असे शंभरावर थरही चढवीत. हा चीक कोरड्या हवेंत नीट वाळत नाहीं. उबदार व दमट हवेंत तो घट्ट होतो, आणि एकदां घट्ट झाला कीं उष्णतेनें वितळत नाहीं. आमची लाख पळस, बोर, कोशिंब अशा झाडांवरील किड्यांपासून होते, आणि ती उष्णतेनेंच मऊ पडते. डच प्रवासी लिन्स्कोटेन याच्या १५९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत हिंदी कातार्‍यांची रीत वर्णिली आहे. चरकावर फिरणाऱ्या लांकडास रंगीत लाख लावावयाची. फिरण्याच्या उष्णतेनें ती वितळून लांकडास धरते. मग रुंद सुक्या पातीनें घासून तिला झळाळी आणावयाची. चिनी रोगणास ही रीत लागूच पडत नाहीं. तेव्हां चेऊलनें चीनकडून कांहीं घेतलें असेल तर तो घाट. लाख आणि ती चढविणारा हात हीं येथलींच.

मौज अशी कीं, नांवांचा व्यापार उलटाच झाला. 'लाख' हा शब्द युरोपांत गेला, आणि त्यापासून झालेलें 'लॅकर' हें नांव चिनी रोगणास चिकटलें. ज्या देशांत लाक्षागृहाची कथा मुलांना तोंडपाठ, त्यानें नांव दिलें. त्याच्या कामास मात्र चीनचें नांव मिळालें. नांवाबरोबर श्रेयही जातें, हें इतिहासाच्या अभ्यासकानें विसरतां कामा नये.

१७४० मध्यें रेवदंडा मराठ्यांकडे आला. तोंपर्यंत मुंबईपुढें चेऊलचा व्यापार ओसरला होता. कोंकणांत सावंतवाडीचें लाखकाम मात्र अद्याप जिवंत आहे. वाचकांच्या घरीं जुना रंगीत पलंग असल्यास त्यास 'चिनी' म्हणण्यापूर्वीं न दिसणाऱ्या जागीं स्पिरिटाचा एक थेंब लावून पाहावा. रंग विरघळून चिकट झाला, तर तें चिनी रोगण नव्हे. प्रवाशाच्या शब्दापेक्षां वस्तूची साक्ष अधिक खरी.