नगर अर्बन बँक आणि ठेव विमा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भारतीय रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. 1910 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा बँकव्यवसाय त्या दिवशी कामकाज संपताच थांबला. बँकेकडे पुरेसे भांडवल नाही आणि उत्पन्नाची शक्यताही नाही, अशी कारणे रिझर्व्ह बँकेने दिली. परंतु बँक बुडते तेव्हा ठेवीदाराच्या पैशाचे नेमके काय होते, याचे उत्तर एका आदेशात सापडत नाही. त्यासाठी साठ वर्षांच्या कायद्याचा इतिहास पाहावा लागतो. प्रस्तुत लेखात अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) येथील या घटनेच्या संदर्भात ठेव विम्याच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

ओळखीवर उभा राहिलेला विश्वास

अहमदनगर जिल्ह्याला पतपुरवठ्याचा प्रश्न नवा नाही. 1875 मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुढे 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ग्रामीण व नागरी अशा दोन प्रकारच्या संस्थांना मान्यता दिली. नागरी संस्थांच्या त्या पहिल्या पिढीतच नगरच्या बँकेचा जन्म झाला. त्या काळी ठेवीला कोणताही विमा नव्हता. सभासद एकमेकांना ओळखत, संचालक त्याच गावचे असत आणि कर्जदाराची पत पेठेत सर्वांना ठाऊक असे. ही ओळख हीच ठेवीची हमी होती. जिल्ह्यात पुढे सहकार फोफावला. प्रवरानगरचा साखर कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण. संस्था मोठ्या झाल्या, शाखा वाढल्या, आणि ठेवीदार व कर्जदार एकमेकांना अपरिचित झाले. ओळखीची जागा आता कायद्याने घेणे आवश्यक होते.

प्रत्येक सुधारणेमागे एक बुडीत बँक

तो कायदा मात्र विचारपूर्वक आखलेल्या धोरणातून आलेला नाही. तो आपत्तींमागून आला आहे. 1960 मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि त्यापाठोपाठ केरळातील पलाई सेंट्रल बँक कोसळली. परिणामी संसदेने 1961 मध्ये ठेव विमा महामंडळाचा कायदा केला आणि 1 जानेवारी 1962 पासून प्रत्येक ठेवीदारास 1,500 रुपयांपर्यंत संरक्षण मिळू लागले. सहकारी बँका आरंभी या छत्राबाहेर होत्या. 1968 च्या दुरुस्तीने त्यांना वाट मोकळी झाली. मात्र त्यासाठी प्रत्येक राज्याने आपला सहकार कायदा बदलणे आवश्यक होते. महाराष्ट्रात सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये कलम 110-अ घालून ही अट पूर्ण करण्यात आली.

विम्याची मर्यादा 1968 मध्ये 5,000, 1970 मध्ये 10,000, 1976 मध्ये 20,000 आणि 1980 मध्ये 30,000 रुपये झाली. 1992 च्या रोखे घोटाळ्यात बँक ऑफ कराड अवसायनात गेली, आणि 1 मे 1993 पासून ती मर्यादा एक लाखावर नेण्यात आली. त्यानंतर जवळजवळ 27 वर्षे ती तेथेच राहिली. या काळात महागाईने एक लाखाचे मोल कितीतरी घटविले. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा कोठे 4 फेब्रुवारी 2020 पासून मर्यादा पाच लाख झाली. अकोला, कराड, मुंबई अशी ही साखळी पाहता, ठेवीदाराच्या संरक्षणाचा प्रत्येक टप्पा आधीच्या ठेवीदारांच्या नुकसानीतून आलेला दिसतो.

रकमेइतकाच काळ महत्त्वाचा

जुन्या कायद्यात आणखी एक उणीव होती. विम्याची रक्कम मिळण्यासाठी बँकेचा परवाना रद्द होऊन अवसायन सुरू व्हावे लागे. निर्बंध लागून बँक जिवंतही नाही आणि मृतही नाही, अशा अवस्थेत ठेवीदार अडकून पडत. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले. तिचा परवाना रद्द होणे सप्टेंबर 2022 मध्ये अमलात आले. औषधोपचार, लग्नकार्य वा निवृत्तीनंतरचा संसार साडेनऊ वर्षे थांबू शकत नाही. म्हणूनच 2021 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 18-अ आले. निर्बंध लागल्यापासून सर्वसाधारणपणे 90 दिवसांत विमा महामंडळाने विमित रक्कम द्यावी, अशी तरतूद त्याने झाली. ती 1 सप्टेंबर 2021 पासून लागू झाली.

नगर अर्बन बँकेवर ऑगस्ट 2019 मध्ये प्रशासक नेमला गेला होता. 2021 अखेरीस निवडणूक होऊन नवे संचालक मंडळ आले आणि लगेच, 6 डिसेंबर 2021 रोजी, रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले. ठेवीदारास 10,000 रुपयांपेक्षा अधिक रक्कम काढता येईना. नवी तरतूद अमलात येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

टक्केवारीच्या पलीकडे

सुमारे 95 टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळू शकेल, असे परवाना रद्द करताना बँकेच्या आकडेवारीच्या आधारे सांगण्यात आले. ही टक्केवारी ठेवीदारांची आहे, ठेवींच्या रकमेची नव्हे. एकाच बँकेतील सर्व शाखांमधील, एकाच नात्याने ठेवलेल्या ठेवी मुद्दल व व्याजासह एकत्र धरून पाच लाखांपर्यंतच विमा मिळतो. आठ लाख ठेवणाऱ्याचे उरलेले तीन लाख अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून राहतात. त्या वसुलीतून विमा महामंडळाने दिलेली रक्कमही परत करावी लागते. म्हणून उर्वरित ठेवीदाराची पाळी उशिरा येते. नगर अर्बन ही बहुराज्यीय संस्था असल्याने अवसायक नेमण्याची विनंती रिझर्व्ह बँकेने केंद्रीय सहकार निबंधकांना केली.

येथे पतसंस्थांचा प्रश्न विशेष विचारात घ्यावा लागतो. पतसंस्था ही बँक नसल्याने तिच्या सभासदांच्या ठेवींना विमा नाही. मात्र तिने आपली शिल्लक एखाद्या नागरी बँकेत ठेवली, तर ती संस्था कायद्याच्या दृष्टीने एकच ठेवीदार ठरते. हजारो सभासदांची पुंजी एका पाच लाखांच्या मर्यादेत मोजली जाते. टक्केवारीत ही संस्था एका आकड्याएवढी. प्रत्यक्षात तिच्या मागे एक अख्खे गाव असू शकते.

समारोप

वरील आढाव्यावरून असे दिसते की ठेव विम्याने लहान ठेवीदाराला मोठा आधार दिला आहे आणि 2021 नंतर तो वेळेवर मिळण्याची शक्यताही वाढली आहे. विम्याचा हप्ता बँकाच भरतात. तो बँकेच्या जोखमीनुसार आकारण्याचे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केले. बँक बुडण्यापूर्वीच तिच्या दोषाची किंमत तिला मोजावयास लावणारा हा विचार स्वागतार्ह आहे. तथापि मर्यादेचा नियमित फेरविचार आणि पतसंस्थांच्या ठेवींचे संरक्षण हे प्रश्न शिल्लक आहेत. आजवर कायदा प्रत्येक वेळी बुडालेल्या बँकेच्या मागून आला. या दोन प्रश्नांची उत्तरे तरी पुढच्या बुडीत बँकेची वाट न पाहता शोधली जावीत, हाच नगरच्या अनुभवाचा बोध होय.