पहिले नाव, मधले नाव, आडनाव

आज एका रकान्याचा इतिहास सांगायचा आहे. गेल्या महिन्यात आम्ही आमच्या पत्नीच्या निवृत्तिवेतनाचा ऑनलाइन फॉर्म भरत होतो आणि ‘मधले नाव’ या रकान्यापाशी अडलो. तिच्या मॅट्रिकच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, लग्नानंतरच्या सगळ्या कागदांवर आमचं. दोन्ही खरी. पण कोणतंही टाका, उत्तर एकच: ‘अवैध नाव’. वर पान पुन्हा कोरं, भरलेलं सगळं गेलं. ही म्हणाली, “इतकी वर्षं मुलांची हजेरी घेतली, आता माझंच नाव अवैध?”

ॲरिस्टॉटलचा ‘कॅटेगरी’ हा शब्द, बघा, मूळ ग्रीकमध्ये कोर्टातल्या आरोपासाठी वापरत. त्या दिवशी तो अर्थ आम्हाला नव्याने कळला.

माणूस आधी आणि रकाना नंतर, असं आपण समजतो. दफ्तरात पुष्कळदा उलटं घडतं. तुर्कस्तानात 1934 साली आडनावाचा कायदा झाला आणि प्रत्येक कुटुंबाला आडनाव घ्यावं लागलं. मुस्तफा केमाल ‘अतातुर्क’ झाले तेही त्याच वर्षी. त्याआधी 1928 मध्ये आयबीएमचं 80 स्तंभांचं छिद्रपत्र आलं होतं. एका स्तंभात एक अक्षर. नावासाठी जेवढे स्तंभ राखलेले, तेवढंच नाव. उरलेलं कापायचं! टीम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनली यांनी नोव्हेंबर 1995 मध्ये एचटीएमएल 2.0 चं मानक लिहून काढलं, त्यात फॉर्म होते. तिथेही रकान्यात जास्तीत जास्त किती अक्षरं चालतील ते ठरवायची सोय होती. मात्र नावाचे तीन तुकडे करा, असं त्या मानकात कुठेही नाही. त्यात नुसती रिकामी चौकट आहे. तुकडे करणारे आपण, म्हणजे फॉर्म बनवणारे.

याची किंमत कोण मोजतं? पुष्कळ तमिळ माणसांना आडनावच नसतं. पासपोर्टवर एकच नाव असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर ते आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापतात, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’. मग तिकडे बँकेत, दवाखान्यात त्या माणसाला ‘फनू’ म्हणून हाक मारतात. आईबापांनी ठेवलेलं नाव समोर छापलेलं असताना!

चांगले फॉर्म कसे करावेत याचे संकेत अशा चुकांतूनच तयार झाले. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचा सल्ला असा, की नाव तोडायची खरोखर गरज आहे का ते आधी स्वतःला विचारा. नसेल तर ‘पूर्ण नाव’ हा एकच रकाना द्या, आणि हाक कशी मारायची ते हवं तर वेगळं विचारा. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शिकाही शक्यतो एकच रकाना ठेवायला सांगते. चूक कुठे झाली ते शब्दांत सांगावं, हा नियम तर 2008 च्या सुगम्यतेच्या मानकातच आहे. ‘अवैध’ एवढं म्हणून मोकळं होणं म्हणजे सांगणं नव्हे.

आपल्याकडे मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सरकारी कागदपत्रांत आईचं नाव बंधनकारक करायचा निर्णय घेतला. मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय आम्हाला मनापासून आवडला. पण तीनच रकाने असलेल्या फॉर्ममध्ये ती आई कुठे बसणार? बहुधा पहिल्याच रकान्यात, मुलाच्या नावाला चिकटून.

हिचा फॉर्म आम्ही शेवटी कार्यालयात जाऊन कागदावर भरला. तिथे ‘संपूर्ण नाव’ अशी एकच लांब ओळ होती. तिने दोन्ही नावं लिहिली, मध्ये ‘पूर्वाश्रमीच्या’ असं घालून. खिडकीपलीकडच्या मुलीने वाचलं आणि शिक्का मारला.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.